सहकाऱ्याशी चालता चालता बोलावं का? हो, पण कशाबद्दल ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नुकतेच सात जणांच्या टीमचे प्रमुख झालात. दर पंधरवड्याला प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचं असतं. त्यातला एक जण काम नीट करतो, पण समोर बसला की तीन वाक्यांत आटोपतो: "सगळं ठीक आहे. अडचण काही नाही. लागलं तर सांगेन." तुमच्या वरिष्ठांनी सुचवलं की त्याला घेऊन बाहेर एक फेरी मारून ये. यात खरंच काही तथ्य आहे की नुसतं फॅड, अशी तुम्हाला शंका आहे. शिवाय टीममधल्या एकीला गुडघेदुखी आहे आणि दोघं दुसऱ्या शहरातून काम करतात, त्यांचं काय करायचं हेही विचारलंय.

बावीस वर्षं मी टीम सांभाळतोय आणि त्यातली निदान पंधरा वर्षं अशा फेऱ्या मारतोय. तथ्य आहे, पण ते एका ठरावीक कामापुरतं. जी गोष्ट अजून कच्ची आहे, जिला नेमकं काय म्हणायचं तेच बोलणाऱ्याला ठाऊक नाही, ती चालताना बोलावी. जिचा सोक्षमोक्ष लावायचाय, ती बसून. हा फरक मला चुका करून कळला. त्यातली एक चूक पुढे सांगतो.

आधी टेबलाचं बघू. टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसली की एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, हे न ठरवताच ठरून जातं. त्यात एक जण वरिष्ठ असेल तर दुसरा उत्तराची तयारी करूनच येतो. आणि अवघड वाक्य जुळवत असताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहणं फार जड जातं. म्हणून तर विचार करताना माणूस छताकडे बघतो, खिडकीकडे बघतो. बंद खोलीत असं नजर चुकवणं लपवाछपवीसारखं दिसतं, आणि तसं दिसू नये म्हणून माणूस तयार, गुळगुळीत वाक्यं बोलून मोकळा होतो. "सगळं ठीक आहे" हे तसलंच वाक्य.

चालताना दोघांचीही नजर समोरच्या वाटेवर असते. कोणी कोणाकडे बघत नाही आणि त्याचं कोणाला काही वाटतही नाही. शांततेचंही तसंच. खोलीत दहा सेकंद कोणी बोललं नाही की ते अंगावर येतं. कोणीतरी घाईने काहीतरी बोलून ती जागा भरतो, आणि तो बहुतेक वेळा मॅनेजरच असतो. चालताना दहा सेकंद म्हणजे पंधरा-सोळा पावलं. तेवढी पावलं न बोलता चालणं कोणालाच खटकत नाही. खरं वाक्य बहुधा त्या पंधरा-सोळा पावलांनंतर येतं.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक प्रोग्रामर होता, कष्टाळू, वेळेचा पक्का. त्याच्याकडच्या एका जुन्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका भागात, पुन्हा पुन्हा त्याच त्या चुका निघत होत्या. दोन वेळा खोलीत बसून विचारलं, दोन्ही वेळा "या आठवड्यात होऊन जाईल" एवढंच. तिसऱ्या वेळी म्हटलं, चला, पाय मोकळे करू. इमारतीभोवती एक वाट होती, पूर्ण फेरीला आठ-नऊ मिनिटं लागायची. पहिल्या फेरीत इकडचं तिकडचं बोलणं झालं. दुसऱ्या फेरीत मीच माझी एक अडकलेली गोष्ट सांगितली: एका ग्राहकाला दिलेला शब्द पाळता येणार नाही असं दिसत होतं आणि ते कसं सांगावं हे मला सुचत नव्हतं. त्याने त्यावर बरा सल्लाही दिला. तिसऱ्या फेरीत तो ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत चालला होता. एकदम त्याची पावलं मंदावली. मी पण मंदावलो, बोललो काहीच नाही. मग तो म्हणाला, "सर, ते मॉड्यूल मला कळलेलंच नाही. दोन महिने मी वरवरचंच दुरुस्त करतोय."

खोलीत हे वाक्य निघालं नसतं अशी माझी खात्री आहे. दुसऱ्या दिवसापासून एका जुन्या सहकाऱ्याला त्याच्याजवळ बसवलं आणि तीन दिवसांत गुंता सुटला. त्याच्या पावलांकडे माझं लक्ष होतं म्हणून मला थांबून राहता आलं, ही गोष्ट मात्र तेव्हापासून मनात पक्की बसली. शेजारी चालणाऱ्या दोन माणसांची पावलं नकळत जुळतात. त्यामुळे एकाची चाल बदलली की दुसऱ्याला ती चेहरा न बघताही कळते. तोंडून काही निघायच्या आधी पाय सांगतात.

आता चूक. एका सहकारी बाईंना त्या वर्षी बढती मिळाली नव्हती आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला वाटलं, मोकळ्या हवेत बातमी जरा सौम्य होईल. ऑफिसपासून साधारण ७०० मीटरवर असताना मी सांगितलं. त्या गप्प झाल्या. परत यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत समोरून ओळखीची माणसं येत होती, मान डोलवत होती, आणि त्या कसंबसं हसू आणत होत्या. वाट एकच होती, त्यामुळे त्यांना माझ्यापासून दूरही होता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "खोलीत सांगितलं असतंत तर तुम्ही गेल्यावर मला दार लावून घेता आलं असतं." त्या दिवसापासून वाईट बातमी, तक्रार, पगार, अप्रेझलचा निकाल यातलं काहीही मी चालताना सांगत नाही. जिथे माणसाला उठून जाता यायला हवं, तिथे त्याला वाटेत अडकवू नये.

संशोधनाचा हवाला लोक नेहमी देतात, त्यात नेमकं काय आहे ते बघून घ्या. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनिअल श्वार्ट्झ यांनी चार प्रयोग प्रसिद्ध केले. मिळून १७६ माणसं होती, बरीचशी विद्यार्थी. एखाद्या साध्या वस्तूचे वेगळे वेगळे उपयोग सुचवा, अशा धर्तीची कामं त्यांना दिली होती. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, म्हणजे हा सगळा झाडांचा आणि हवेचा प्रताप नव्हता. चालून आल्यावर खाली बसलं तरी परिणाम थोडा वेळ टिकला. हे तीन मुद्दे सगळे सांगतात. चौथा फारसं कोणी सांगत नाही: ज्या कोड्याचं एकच बरोबर उत्तर होतं, त्यात चालणाऱ्यांची कामगिरी थोडी खालावली. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या प्रयोगांत मोजली गेली ती एकेकट्या माणसाची कल्पकता. दोन सहकाऱ्यांमधला विश्वास किंवा मनमोकळेपणा त्यात मोजलेला नाही. तो भाग मी अनुभवावरून सांगतोय, प्रयोगावरून नाही.

एकच बरोबर उत्तर हवं असलं की चालणं आड येतं, याची परीक्षा कुठेही घेता येते. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमन यांनी ती लिहून ठेवलीय: शेजारी चालणाऱ्याला २३ गुणिले ७८ तोंडी करायला सांगा. तो जवळजवळ नक्कीच थांबेल. रमतगमत चालताना विचार चालतो, पण हिशेब आला की पाय थबकतात. कानेमन हे स्वतः आपले सहकारी मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की यांच्यासोबत जेरुसलेममध्ये लांब लांब चालत, बोलत काम करणारे गृहस्थ. पुढे २००२ साली कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते या दोघांनी मिळून केलेल्या कामासाठी. ट्वर्स्की १९९६ सालीच गेले होते.

पण चालणं आणि बसणं यांची वाटणी मला सगळ्यात लख्ख दिसते ती १९३८ च्या नाताळात. स्वीडनमधल्या कुंगेल्व गावी लीझ माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश बर्फातून फिरायला निघाले. दोघेही भौतिकशास्त्रज्ञ. फ्रिश स्कीवर होता, माइटनर पायी. बर्लिनहून ऑटो हान यांचं पत्र आलं होतं: युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर त्याहून कितीतरी हलकं बेरियम मिळतंय, हे कसं काय? चालता चालता चर्चेतून चित्र उभं राहिलं. अणुकेंद्र कठीण गोळीसारखं नसून द्रवाच्या थेंबासारखं असेल, ते लांबट होईल, मध्ये बारीक होईल आणि तुटेल. इथवर पाय चालू होते. मग दोघं एका ओंडक्यावर बसले, खिशातले कागदाचे कपटे काढले आणि आकडेमोड केली. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना किती ऊर्जेने ढकलतील याचा हिशेब २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आला. माइटनर यांनी वस्तुमानातल्या घटीवरून दुसऱ्या वाटेने काढलं, तेही तेवढंच निघालं. अणुविखंडनाचा, म्हणजे अणुकेंद्र फुटण्याचा, उलगडा असा झाला. चालताना थेंब दिसला, पण आकडा जुळायला ओंडका लागला. दिवसभर ज्या किरकोळ अडचणींवर आपण डोकं लावतो, तिथेही हाच क्रम लागू पडतो. म्हणून मी खिशात छोटी वही ठेवतो आणि वाटेत बसायला एखादी जागा असेल अशी बघतो.

वरिष्ठ-कनिष्ठ हा तुमचा खरा प्रश्न आहे, त्यावरही एक आठवण द्यावीशी वाटते. १९२२ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची व्याख्यानं चालू होती. बोर ३६ वर्षांचे, स्वतःच्या संस्थेचे प्रमुख, त्याच वर्षी त्यांना नोबेल जाहीर व्हायचं होतं. भरल्या सभागृहात २० वर्षांच्या वेर्नर हायझेनबर्ग या विद्यार्थ्याने उठून आक्षेप घेतला. बोर यांनी व्यासपीठावरूनच त्याचा निकाल लावायचा प्रयत्न केला नाही. संपल्यावर त्याला म्हणाले, चल, टेकडीवर फिरून येऊ. आपलं वैज्ञानिक आयुष्य खऱ्या अर्थाने त्या दुपारी सुरू झालं, असं हायझेनबर्ग यांनी पुढे लिहिलं. सभागृहात दोघांपैकी एकाला हरावं लागलं असतं. टेकडीवर तसं कारणच उरलं नाही. फक्त एक लक्षात घ्या: बोलावणं मोठ्याने केलं होतं. तुमच्या टीममध्ये तो मोठा माणूस तुम्ही आहात.

आणि चालताना झालेली सहमती म्हणजे निर्णय नव्हे, हेही सांगायला हवं, कारण नव्या मॅनेजरची गफलत इथेच होते. १६ जुलै १९८२ रोजी अमेरिकेचे पॉल निट्झ आणि सोव्हिएत संघाचे यूली क्वित्सिन्स्की हे वाटाघाट करणारे दोन प्रतिनिधी जिनिव्हाजवळच्या ज्युरा डोंगरात फिरायला गेले. मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरची औपचारिक बोलणी तेव्हा रुतून बसली होती. जंगलात, एका ओंडक्यावर आणि पाऊस आल्यावर गाडीत बसून, या दोघांनी युरोपात प्रत्येकी ७५ क्षेपणास्त्र-प्रक्षेपक असा तोडगा काढला. दोघांनाही तो पटला होता, पण वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन्ही ठिकाणी तो नामंजूर झाला. प्रत्यक्ष करार व्हायला १९८७ साल उजाडलं. दोन माणसांत जमलेला सूर बाकीच्यांच्या कानावर पडलेला नसतो. तुम्ही आणि एक सहकारी फेरी मारून आलात आणि टीमला सांगितलंत की "आमचं असं ठरलंय", तर उरलेल्या सहा जणांना ते खुपणार, आणि त्यांचं खुपणं रास्त असेल. फेरीतून प्रस्ताव आणावा आणि तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवावा.

आता व्यवहाराचं. दोघंच जा. तिघं चालतील, पण मग मधला माणूस हळूहळू थोडा मागे सरतो आणि तिघांचा इंग्रजी व्हीसारखा आकार होतो. पादचाऱ्यांचं चालणं अभ्यासणाऱ्यांनी २०१० साली हे नेमकं टिपलंय. चार झाले की बहुधा दोन-दोनच्या जोड्या पडतात आणि एक चर्चा राहत नाही. वेळ अर्धा तास. रमत गेलं तर दोन किलोमीटर होतात, तेवढं पुरतं. वेग हळू चालणाऱ्याचा. तुम्ही लांब टांगा टाकत पुढे राहिलात आणि दुसरा धापा टाकत उत्तरं देतोय असं झालं, तर तुम्ही परत टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसलात असं समजा.

वाट दोघांच्या ओळखीची असू द्या. शक्यतो गोल, म्हणजे "आता परत फिरू या का" हा प्रश्न मध्येच येत नाही. रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी असेल तर उत्तम, कारण वाहनं बघत थांबलात की अर्धवट वाक्य तिथेच तुटतं आणि पुन्हा जुळत नाही. ऐकू कोणत्या कानाने नीट येतं हे विचारायला लाजू नका. माझ्या एका सहकाऱ्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे मला वर्षभराने कळलं, आणि वर्षभर मी त्याच्या डावीकडून चालत होतो. फोन खिशात, आवाज बंद. इमारतीच्या आसपास ओळखीचे लोक असतात, म्हणून तिसऱ्या माणसाचं नाव घेऊन बोलायची वेळ आली तर ते बोलणं खोलीसाठी राखून ठेवा. मागून येणारा किती जवळ आलाय हे चालताना कळत नाही.

सक्ती अजिबात नको. "फेरी मारू या की इथेच बसू?" असं विचारा आणि दोन्ही उत्तरं सारखीच मान्य आहेत हे तुमच्या आवाजातून कळू द्या. पहिल्यांदा कोणी "इथेच बसू" म्हणालं तर कारण विचारू नका. सहकारी स्त्री असेल आणि तुम्ही वरिष्ठ पुरुष असाल, तर दिवसाउजेडी, माणसांचा वावर असलेली वाट आणि आधी सांगून ठेवलेली वेळ, एवढं पाळाच. आणि हे फक्त एकाच व्यक्तीसोबत होत राहिलं तर बाकीचे त्यातून अर्थ काढतात. म्हणून टीममध्ये सगळ्यांना तोच पर्याय द्या.

गुडघेदुखी असलेल्या सहकारी बाईंसाठी बाहेरचा बाक बघा. दोघांनी शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसायचं. चालण्याने जी कल्पनांना गती येते ती कमी मिळेल, पण नजरेचं ओझं आणि टेबलाचा अडसर दोन्ही जातात. माझ्या मते बोलकं होण्यात त्यांचाच वाटा मोठा असतो. पावसात मी कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभं राहूनही हे केलंय, दोघं बाहेर बघत. दुसऱ्या शहरातल्या दोघांशी बोलताना व्हिडिओ बंद करा, फक्त फोन, इअरफोन, आणि दोघांनी आपापल्या जागी चालायचं. व्हिडिओवर तर टेबलापेक्षाही जास्त नजर रोखलेली असते, वर स्वतःचा चेहराही दिसत राहतो. साध्या फोनवर मला माणसं जास्त खरी वाटली आहेत. फक्त तिथे पावलांची चाल कळत नाही. म्हणून शांतता आली की मी दहापर्यंत मोजतो आणि मगच बोलतो.

परत आल्यावर पाच मिनिटं जागेवर बसून लिहा. नेमकं काय करायचं ठरलं, कोणी करायचं, आणि काय अजून ठरलेलं नाही. सहकाऱ्यालाही दोन ओळी पाठवा: "मला असं समजलं, बरोबर आहे ना?" चालताना ऐकलेलं दोघांच्या डोक्यात वेगवेगळं उरतं. त्याने विश्वासाने सांगितलेलं खासगी मात्र त्या ओळींत यायला नको, आणि तुमच्या वहीतही नको.

आता तुमचा तो "सगळं ठीक आहे" म्हणणारा सहकारी. पहिल्या फेरीत त्याला कामाचं काही विचारू नका. तुमची एखादी न सुटलेली गोष्ट त्याच्यापुढे ठेवा. खरी ठेवा, बनावट त्याला लगेच कळेल. पहिल्या वेळी तो कदाचित काहीच सांगणार नाही, दुसऱ्या वेळीही नाही. मला तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत थांबावं लागलंय. सगळ्यात जागं राहायचं ते परतीच्या शेवटच्या शंभर मीटरवर. इमारत दिसायला लागली की बोलायला थोडाच वेळ उरलाय हे त्यालाही कळतं, आणि "जाता जाता एक..." असं म्हणून माणूस जे बोलतो ते अर्धा तास मनात घोळत असलेलं असतं. नेमकं तेव्हाच तुमचं लक्ष पुढच्या मीटिंगकडे, हात फोनकडे गेलेला असतो. म्हणून त्या फेरीनंतरची पंधरा मिनिटं कॅलेंडरवर रिकामी ठेवा. दाराशी आल्यावर त्याने असं काही सुरू केलं तर दार उघडू नका, घड्याळाकडे बघू नका. "चल, अजून एक फेरी मारू" एवढंच म्हणा आणि वळा.